दुपारचा चेहरा

मला अभिनय येत नाही, हे सांगायला मला कधी फारशी लाज वाटली नाही. पंधरा वर्षं या धंद्यात काढल्यावर माणूस कोडगा होतो. एका वर्तमानपत्रानं लिहिलं होतं, की धन्यकुमार तेरदाळे यांच्या जागी कपाट उभं केलं असतं, तर निदान त्यात कपडे तरी ठेवता आले असते. ते कात्रण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनीच, मला मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचताना ते हसले नाहीत. "बरोबर लिवलंय," एवढं म्हणाले आणि कात्रणाची घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली.

अण्णांना त्यातलं कळत होतं, हीच पंचाईत होती. ते सांगलीच्या एसटी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि संध्याकाळी एका हौशी नाटक मंडळाचे प्रॉम्प्टर. एकतीस वर्षं त्यांनी विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर वही घेऊन, अडखळलेल्या नटाला पुढचं वाक्य हलक्या आवाजात सांगितलं. स्वतः रंगमंचावर पाऊल ठेवायची त्यांची छाती नव्हती. पण कुठला नट खरा बोलतोय आणि कुठला नुसता पाठ म्हणतोय, ते त्यांना डोळे मिटून समजायचं. मी नट झालो तो त्यांच्यासाठीच, आणि पंधरा वर्षांत त्यांनी मला एकदाही 'बरं केलंस' म्हटलेलं नव्हतं. मला तेवढंच हवं होतं. बाकी मानधन, सत्कार, नारळ, शाल हे सगळं मिळतच होतं.

मी ज्या मालिकेत काम करत होतो तिचं नाव 'सावली तुझ्या सौभाग्याची'. चौदाशे भाग झाले होते. नायक दोनदा मेला होता आणि एकदा परत आला होता. नायिकेचा मोठा कारखाना होता, पण त्यात काय तयार होतं ते चौदाशे भागांत कुणी बोललं नाही. हॉस्पिटलच्या खोलीत आणि घरातल्या दिवाणखान्यात एकच पडदा होता. मी नायकाचा थोरला भाऊ, दादासाहेब. रोज सकाळी ब्रीफकेस घेऊन जिना उतरायचा, कुणीतरी काहीतरी भयंकर बोललं की बघायचं आणि बाहेर जायचं. दादासाहेब कुठे जातात, त्यांनी लग्न का केलं नाही, असं मी एकदा लेखकाला विचारलं. तो म्हणाला, दादा, तुम्हाला कळलं तर मलाही सांगा.

त्याला तरी काय बोलणार? त्याच्याकडून सकाळी नऊला संवाद यायचे आणि दहाला कॅमेरा सुरू व्हायचा. पाठ करायला वेळ नसायचा, म्हणून कॅमेऱ्यामागून एक साहाय्यक वाक्यं ओरडायचा आणि आम्ही ती त्याच्यामागून म्हणायचो. हे बघायला अण्णा एकदा कोल्हापूरजवळच्या आमच्या चित्रीकरणाच्या बंगल्यावर आले होते. दहा मिनिटांत उठले आणि बाहेर गाडीत जाऊन बसले.

शिवाय आमच्याकडे बँक होती. म्हणजे पैशांची नव्हे, चेहऱ्यांची. पहिल्याच दिवशी प्रत्येक नटाला राखाडी कापडासमोर उभं करून भाव मागून घ्यायचे: राग द्या, धक्का द्या, संशय द्या, माया द्या. ते साठवून ठेवायचे आणि पुढे भागात जिथे लागतील तिथे चिकटवायचे. मी सात भाव दिले. संकलकानं दुसऱ्या दिवशी सांगितलं, की सातही एकच आहेत, एक ठेवतो. तेव्हापासून चौदाशे भागांत माझा तोच चार सेकंदांचा चेहरा वापरला गेला. भाऊ मेला तरी तोच, पुतण्याचं बारसं असलं तरी तोच. ते चित्रीकरण चाललं होतं तेव्हा, खरं सांगायचं तर, स्कूटरला कुलूप लावलं की नाही याचा मी विचार करत होतो.

असं सगळं निवांत चाललेलं असताना पट्टी आली.

ती बनवणाऱ्या कंपनीनं ठेवलेलं तिचं इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. कपाळावर बांधायची चार बोटं रुंद मऊ कापडाची पट्टी, आत पातळ तारा, कानाशी एक बारीक स्पीकर. माझी बायको त्रिशला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. तिनं मला समजावलं ते असं. झोपेत मेंदू गप्प पडून राहत नाही; जागेपणी जे पाहिलं-ऐकलं त्याची तो उजळणी करतो आणि ठेवायचं ते ठेवतो. या उजळणीच्या नेमक्या वेळी एखादा ओळखीचा आवाज अगदी हळू ऐकवला, तर त्या आवाजाला जोडलेली आठवण पुन्हा वर येते. हे प्रयोगशाळांना कितीतरी वर्षं माहीत होतं. पट्टीनं एवढंच केलं, की मेंदूतल्या लहरी ओळखून ती वेळ अचूक पकडली आणि तेव्हा मालिकेचं शीर्षकगीत कानाशी गुणगुणलं. झोपण्याआधी जे बघितलं ते माणसाला स्वप्नात पुन्हा दिसू लागलं, आणि या खेपेला तो स्वतः त्यात चालू-फिरू शकत होता.

कंपनीला वाटलं होतं, लोक मोठमोठे सिनेमे बघून झोपतील. लोकांनी ते करूनही पाहिलं आणि कंटाळले. चांगला सिनेमा बघून झोपलं की काही दिसायचंच नाही. उलट आमच्यासारख्या फडतूस मालिका बघून झोपलेली माणसं उठायची ती चमकत्या डोळ्यांनी. याचं कारण शोधायला कंपनीला वर्ष लागलं. त्रिशलानं मला ते एका कागदावर दोन ठिपके काढून दोन मिनिटांत दाखवलं. डावा डोळा झाकायला लावला, डाव्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं आणि कागद हळूहळू जवळ आणला. उजवा ठिपका नाहीसा झाला. डोळ्यातून नस जिथे बाहेर पडते तिथे प्रत्येकाला भोक असतं, ती म्हणाली, पण ते कधी दिसत नाही, कारण आजूबाजूचा रंग घेऊन मेंदू ते बुजवून टाकतो. मेंदूला रिकामी जागा सहन होत नाही. तुमच्या मालिकेत भोकंच भोकं आहेत, आणि झोपेत त्याला ती बुजवायला भरपूर वेळ मिळतो.

मग काय विचारता. आमची मालिका संध्याकाळवरून दुपारी दीडला आली. जेवण, मालिका आणि वामकुक्षी. सव्वादोनला सांगलीतली दुकानं अर्ध्यावर शटर ओढून घ्यायची, रिक्षा झाडाखाली जायच्या, घराघरांतून भांड्यांचे आवाज थांबायचे, आणि सगळं गाव एकाच पाण्यात उतरल्यासारखं शांत व्हायचं. मी तेव्हा सुट्टीच्या दिवशी मुद्दाम चालत निघायचो. प्रत्येक खिडकीच्या आत कुणीतरी पडलेलं असायचं आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांमागे आमचा तो जिना, तो पडदा, तो कारखाना मोठा होत जायचा. कारखान्यात कुणाला अत्तर तयार होताना दिसायचं, कुणाला पतंग. मला त्या शांततेत फार बरं वाटायचं, आणि आपण या लोकांसाठी काहीतरी करतोय असंही वाटायचं.

मालिका आता पट्टीच्या कंपनीच्याच पैशांवर चालू लागली होती. तिनं लेखकाला कळवलं, की कारणं अजिबात लिहू नका. एक फार मोठी अभिनेत्री सासूच्या कामासाठी आणली आणि आठवड्यात परत पाठवली. ती इतकी सुरेख रडायची की तिचं काही कुणाच्या स्वप्नात येईना. माझी मात्र बढती झाली.

कंपनीच्या डॉक्टर शर्वाणी गोगटे यांनी मला पुण्याला बोलावून घेतलं. शांत बाई होत्या, बोलताना सारख्या पेन्सिलीला टोक करायच्या. त्या म्हणाल्या, की रोज दुपारी सहा लाख माणसांच्या स्वप्नात दादासाहेब येतात, पण दादासाहेब म्हणून येत नाहीत. बँकेतल्या तुमच्या त्या चेहऱ्यात काहीच नाही. राग नाही, प्रेम नाही, अभिनयाचा प्रयत्नसुद्धा नाही. इतकं मोकळं काही आम्हाला दुसऱ्या नटात सापडलं नाही. जो तो आपल्या मनात राहून गेलेलं माणूस त्या चेहऱ्यात बसवतो. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवून एक विनंती केली, आणि ती करारातही घातली: दुसरीकडे कुठे काम करू नका. तुमचा चेहरा खरं दुःख झाल्यावर कसा होतो हे लोकांनी एकदा पाहिलं, की ती जागा भरली. मग तिथे दुसरं कुणी मावणार नाही.

मी हसून सही केली. माझ्याकडून कसला धोका?

त्यानंतर माणसं मला वेगळी भेटू लागली. मिरजेच्या भाजी मंडईत एका आजीबाईंनी माझा हात धरला आणि काल नीट जेवलात, बरं वाटलं, असं म्हणून निघून गेल्या. परभणीच्या एका बाईंचं पत्र आलं, सोबत त्यांनी आपला फोन नंबरही दिला होता. त्यांचा मुलगा आखातात गेला तो नऊ वर्षांत परतला नव्हता, फोनही नाही. आता तो रोज दुपारी येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो, बोलत नाही, पण उभा राहतो, असं त्यांनी लिहिलं होतं. त्याबद्दल माझे आभार मानले होते. मी उत्तरात माझा नंबर लिहून पाठवला, आणि ते पत्र कितीदा तरी वाचलं.

बाकी कुणी असं उघड सांगत नसे. एक रीतच पडून गेली होती, की कुणाला दुपारचं विचारायचं नाही. नवरा-बायकोनंसुद्धा नाही. सासरी गेलेल्या मुलीला आया बजावून सांगायच्या, सासूबाई उठल्या की चहा द्यायचा, काय दिसलं म्हणून विचारायचं नाही. माणसं उठून काही वेळ भिंतीकडे बघत बसायची आणि घरचे त्यांना तसं बसू द्यायचे.

म्हणून मीही अण्णांना विचारलं नाही.

पाच वर्षांपूर्वी आई गेल्यापासून ते कशातच नव्हते. वर्तमानपत्र वाचायचे आणि माझी मालिका लावून माझ्यावर तोंडसुख घ्यायचे, तेवढाच त्यांचा विरंगुळा. त्रिशलानं त्यांच्यासाठी पट्टी आणली तेव्हा, बैलाला झूल कशाला, म्हणाले. तीन-चार दिवसांनी बांधली. पंधरा दिवसांनी मी सुट्टीला घरी होतो तेव्हा पाहिलं, तर जेवणानंतर अण्णांनी तोंड धुतलं, कपाटातला पांढरा इस्त्रीचा सदरा घातला, आरशासमोर उभं राहून केस विंचरले, तोंडात लवंग टाकली. मग सदऱ्याला चुणी पडणार नाही अशा बेतानं कॉटवर उताणे झाले आणि पट्टी बांधली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, लग्नाला निघाल्यासारखा. दीड तासानं उठले तेव्हा त्यांचा चेहरा इतका निवळलेला होता की मला बघवेना. मी आत जाऊन त्रिशलाला सांगितलं, की अण्णांना आई भेटते. तिलाही तसंच वाटत होतं.

त्या दिवसापासून मला माझ्या ठोकळेपणाचा पहिल्यांदा अभिमान वाटू लागला. अण्णा मला टाकून बोलेनासे झाले. रात्री भाकरी अर्धी जास्त खाऊ लागले. शाबासकी मिळाली नाही ती नाही, पण त्यांना आई तरी परत मिळवून दिली. नट म्हणून नसेल, मुलगा म्हणून मी उपयोगी पडलो होतो.

त्याच सुमाराला सलीम बारगीर आला. मिरजेचा, पस्तिशीचा, एक छोटा सिनेमा करून बक्षिसं मिळवलेला. लहानपणी अण्णांच्या मंडळात पडदा ओढायचा. त्याला एका सतारमेकरच्या भूमिकेसाठी मीच हवा होता. आयुष्यभर सतारी बनवलेल्या माणसाचे कान जातात आणि तो ते घरात कुणाला कळू देत नाही, अशी गोष्ट. करार मोडेल, असं मी सांगितलं. तो म्हणाला, आधी वाचा, आठ दिवस सकाळी माझ्याकडे या, मग बघू.

मी गंमत म्हणून गेलो. सलीमनं मला पूर्ण संहिता हातात दिली, आणि त्या संहितेत प्रत्येक गोष्टीला कारण होतं. माणूस खिडकी का बंद करतो, चहा का सांडतो, मुलाकडे का बघत नाही, सगळ्याला. मला तर चोरबाजारातून आलेल्या माणसाला देवघरात बसवल्यासारखं अवघडल्यागत झालं. पाच दिवस मी दादासाहेबांसारखाच उभा होतो. सहाव्या दिवशी तो प्रसंग आला, की बाप तार छेडतो, त्याला काही ऐकू येत नाही, आणि तो मुलाच्या चेहऱ्याकडे बघतो, सूर लागला का ते तिथून कळावं म्हणून. मी तार छेडली, वर बघितलं, आणि माझं बोट तारेवर तसंच दाबलेलं राहिलं. मी काही केलं नाही, ते झालं. सलीमनं थांबवलं नाही. बऱ्याच वेळानं तो उठला आणि पंखा बंद करून आला, उगीचच.

चव्वेचाळीसाव्या वर्षी मला कळलं, की मला अभिनय येतो. आजवर कुणी मला कशाचं कारण दिलं नव्हतं एवढंच.

मी स्कूटर काढली आणि थेट घरी आलो. वाटेत काय काय म्हणायचं ते जुळवत होतो. दारात पोचलो तेव्हा सव्वादोन होत आले होते. अण्णा पांढरा सदरा घालून कॉटवर बसले होते, भाग बघून झाला होता, पट्टी हातात होती. माझ्याकडे बघून हसले. असे हसायचे नाहीत ते कधी. "आलास व्हय? झोपतो रे मी जरा," म्हणाले आणि आडवे झाले. त्यांच्या त्या घाईकडे बघत मी उंबऱ्यातच उभा राहिलो. हा सिनेमा मी केला तर ही घाई संपणार होती. त्यांनी मला एकदा खरं बघितलं, की आई पुन्हा जाणार होती, आणि या खेपेला माझ्यामुळे.

दुसऱ्या दिवशी सलीमला नाही म्हणून सांगितलं. कारण सांगितलं नाही. तो माझ्याशी भांडला, मग पुण्याच्या एका नटाला घेऊन त्यानं सिनेमा पुरा केला. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. मला रोज वाईट वाटायचं. आंघोळ करताना मी तार छेडायचा अभिनय करायचो आणि आरशातल्या स्वतःकडे बघायचो. मग कोल्हापूरला जायचो आणि जिना उतरायचो.

वर्षभरानं तो सिनेमा सांगलीत लागला. सलीम अण्णांना सकाळच्या खेळाला घेऊन गेला, जुन्या ओळखीनं. बारा-साडेबाराला अण्णा परत आले. त्रिशला शाळेत होती. ते चप्पल न काढता खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, सलीमनं सांगितलं ते खरं आहे का. मी हो म्हणालो. का सोडलास, विचारलं. मी आधी कराराचं सांगितलं. त्यांना खोटं वाक्य एका अक्षरावरून कळायचं, तसंच आताही कळलं. ते वाट बघत राहिले.

मग मी रीत मोडली.

"तुम्हाला दुपारी आई भेटते ना, अण्णा. ती जाऊ नये म्हणून सोडला."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना आधी कळलंच नाही, मग कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"तुझी आई भेटायला मला पट्टी कशाला लागती?" ते म्हणाले. "दूध उतू गेलं की ती भेटती. नळाला पाणी आलं की भेटती. ती मला जागेपणी सोडत न्हाई, अन् झोपेत कशाला शोधू?"

"मग कोण दिसतं?"

"तूच की."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"एकतीस वर्षं मी विंगेत बसलो," अण्णा म्हणाले. "नाटक समोरनं कधी बघितलं न्हाई. सगळे नट मला एका कानाकडनं ठाऊक. झोपलो की मी थेटरात पुढच्या रांगेत असतोय, चांगला सदरा घालून. पडदा वर जातोय, अन् तू असतोस. काय नाटक असतंय कुणास ठाऊक, पण तू काम करतोस बघ. असं करतोस, की मला पुढचं वाक्य सांगावंच लागत न्हाई. मी नुसता बसून असतोय."

हे सांगताना त्यांचा आवाज हलला नाही. मला मात्र रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. वर्षभर मी त्यांच्यापासून जे दूर ठेवत होतो, तेच ते रोज दुपारी झोपेत शोधत होते. मी घरातल्या खुर्चीत बसूनही त्यांना ते काम करून दाखवू शकत होतो, आणि दाखवलं नव्हतं. सिनेमा तर हातातून गेलाच होता.

पुण्याच्या त्या नटानं बरं काम केलंय, अण्णा उठता उठता म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.

माझ्याकडे आता मालिकाच उरली होती. त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा मेलेला नायक पुन्हा परत येणार होता. सकाळी नऊला आलेल्या कागदावर माझ्यापुरतं एवढंच लिहिलं होतं: दादासाहेब बघतात. त्यासाठी मला सेटवर यायचीही गरज नव्हती, बँकेतून चेहरा काढून लावला असता. मी दिग्दर्शकाला म्हटलं, एकदा नवीन घेऊ या. त्याला वाटलं मी केस रंगवलेत म्हणून म्हणतोय. घेऊ, म्हणाला.

कॅमेरा लागेपर्यंत मी जिन्यात बसलो आणि दादासाहेबांना कारणं दिली. ब्रीफकेस घेऊन ते कुठे जातात? त्यांची नोकरी अकरा वर्षांपूर्वी सुटलीय आणि त्यांनी घरी सांगितलेलं नाही. ते नदीच्या घाटावर जाऊन बसतात आणि सहाला परत येतात. लग्न केलं नाही, कारण बायकोला हे लपवता आलं नसतं. आणि दारात उभा असलेला हा धाकटा भाऊ, त्याला त्यांनी स्वतःच्या हातानं दोनदा अग्नी दिलाय. एकदा तो परत आला तेव्हा त्यांनी आनंद केला होता. तो आनंद पुढे परत द्यावा लागला होता.

परभणीच्या बाई मला तेव्हा आठवल्या. त्यांना मी विचारलं नव्हतं. सहा लाख माणसांपैकी एकालाही विचारलं नव्हतं. तरीही मी उठून उभा राहिलो, हे मी लपवत नाही.

मी भावाकडे बघितलं. आनंद आतून वर आला आणि मी त्याला चेहऱ्यावर येऊ दिलं नाही, कारण तो पुन्हा काढून घेतला तर या खेपेला मी उरणार नव्हतो. मी त्याच्या खांद्याला हात लावायला गेलो आणि मध्येच सदऱ्याचं बटण चाचपत राहिलो, स्वतःच्या. तेवढंच. चारऐवजी चाळीस सेकंद झाले. वाक्यं ओरडणारा साहाय्यक तोंड उघडं ठेवून उभा होता. दिग्दर्शकानं कट म्हटलं नाही, कॅमेऱ्यातली बॅटरी संपली म्हणून थांबलो. कापायला वेळ नव्हता, म्हणून ते चाळीस सेकंद तसेच प्रक्षेपित झाले.

भाग गुरुवारी होता. मी घरीच राहिलो. अण्णा कॉटवर बसून बघत होते, मी मागच्या खुर्चीवर, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. माझी जागा आली. अण्णा किंचित पुढे झुकले. मान हलवली नाही. भाग संपल्यावर रोजच्यासारखी पट्टी बांधून आडवे झाले.

बाहेर गाव शांत झालं. मी त्यांच्या उशाशी बसलो. पडद्यातून येणारं ऊन त्यांच्या पायांवरून सरकत भिंतीवर गेलं. साडेतीनच्या सुमाराला माझ्या फोनचा पडदा उजळू लागला. कंपनीकडून, दिग्दर्शकाकडून, अनोळखी नंबरांवरून. मी बाहेर ओट्यावर जाऊन एकच फोन उचलला, तो परभणीचा होता. आज तो आला नाही, बाई म्हणाल्या. उद्या येईल का? मी म्हणालो, बहुतेक नाही येणार. माझं चुकलं असेल, पण नाही येणार. त्या रागावल्या नाहीत. तुम्हाला बघितलं आज, म्हणाल्या, फार दमलेले दिसलात, आणि फोन ठेवला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आत आलो तेव्हा अण्णा उठून बसले होते. पट्टी सोडून त्यांनी मांडीवर घेतली होती आणि तिची घडी घालत होते, जपून, परत न वापरायच्या वस्तूची घालतात तशी. मी समोर बसलो.

"काय दिसलं, अण्णा?"

"काय न्हाई."

"काहीच नाही?"

"गाढ झोप लागली," अण्णा म्हणाले. "दिसायचं काय राहिलं होतं? सगळं जागेपणीच बघून झालं की."